दारुखान्याचे पेंटरकाका आणि आमच्या शेवरलेटच्या दारावरचे आकडे

जुनी मिलिटरीची गाडी उभी करून झाली, इंजिन सुरू झालं, रंगाचे हातही मारून झाले. आता तिच्यावरचे आकडे आणि खुणा मुंबईत कोणाकडून काढून घ्यायच्या, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय. आम्ही हे काम गेल्या नोव्हेंबरात रे रोडच्या दारुखान्यात बसणाऱ्या एका पेंटरकाकांकडून करून घेतलं. त्यांचं नाव आणि फोन इथे टाकत नाही, कारण त्यांनीच तसं सांगितलं. एकट्याचा हात आहे, चार जण एकदम आले तर झेपत नाही. त्यांना कसं गाठायचं ते शेवटी लिहिलंय.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडचा निदेशक आहे. २०१७ मध्ये मी आणि माझ्या मेहुण्यानं मिळून जुन्नरकडच्या एका खडी-क्रशरवरून शेवरलेट सी-१५ए घेतली. तिचा हौदा केव्हाच गेला होता, त्या जागी पाण्याची टाकी बसवलेली होती. पंधरा हंड्रेडवेटचा ट्रक, म्हणजे साधारण ७६० किलो माल वाहणारा. चारही चाकांना ड्राइव्ह, सहा सिलिंडरचं साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन. दुसऱ्या महायुद्धात कॅनडानं ८ लाखांहून जास्त लष्करी गाड्या बनवल्या. त्यातल्या निम्म्याच्या आसपास ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’च्या, फोर्ड आणि शेवरलेटनं एकाच नमुन्यावर बनवलेल्या. आमची त्यातलीच, केबिन नंबर १३ची. ही केबिन लांबूनही ओळखू येते. पुढची काच वरून पुढे आणि खालून आत अशी उलटी झुकलेली असते. काच उन्हात चमकून वरून उडणाऱ्या विमानाला दिसू नये म्हणून ती तशी केली होती.

अशा कितीतरी गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांतून बोटीनं यायच्या आणि इथे जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून जोडणीच करत होता. आमची गाडी आता मेहुण्याच्या कॉटन ग्रीनच्या गोदामात उभी असते. तिथून शिवडी म्हणजे हार्बर लाइनवर पुढचंच स्टेशन. ती शिवडीलाच जोडली गेली असा पुरावा माझ्याकडे नाही, पण गोदामाचं शटर वर करताना दर वेळी तो विचार मनात येतोच.

रंगाचं थोडक्यात सांगतो, कारण खुणांचा सगळा निर्णय रंगावर उभा आहे. सीटखालच्या पेटीचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला ऊन-पाऊस न लागलेला पत्रा असतो. तिथे मी रुपयाएवढा गोल पाणीपेपरनं हळूहळू घासला. आधी ४०० नंबर, मग ८००, मधे मधे पाणी. झाडाच्या बुंध्यात वर्षांच्या कड्या दिसाव्यात तसे थर उघडे पडले. सगळ्यात वर टँकरवाल्याचा निळा. त्याखाली ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यात असतानाचा. त्याखाली तपकिरी, चहात दूध कमी पडल्यावर दिसतो तसा. मग लाल अस्तर आणि शेवटी पत्रा. हा तपकिरी म्हणजे ब्रिटिशांच्या ठरलेल्या लष्करी रंगांमधला एससीसी-२. हिरव्या रंगासाठी लागणारं क्रोमियम ऑक्साइड युद्धात अपुरं पडायला लागलं, म्हणून १९४२ मध्ये गाड्यांचा मूळ रंग तपकिरी ठरवला गेला. एप्रिल १९४४ मध्ये तो बदलून एससीसी-१५ हा ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवा, आला. म्हणजे आमच्या गाडीचा पहिला रंग कुठल्या वर्षांतला, हे त्या रुपयाएवढ्या गोलानं सांगितलं.

हा तपकिरी आणखी एका कारणानं सोयीचा पडला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. जुन्या जीपा हिरव्या रंगवून रस्त्यावर आणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. आमच्या ओळखीतल्या एकांना भर रॅलीच्या सकाळी गाडी बाजूला घ्यावी लागली होती. तपकिरी रंग १९४२ ते ४४ च्या काळाशी इमान राखतो आणि कायद्यातही बसतो. फक्त आरसीवरचा रंग बदलून घ्यायला विसरू नका.

आता खुणा. इथे मी आधी चूक केली.

मी कॉम्प्युटरवर बसून एक ‘मिलिटरी’ अक्षर निवडलं, मधे फटी असलेलं, खोक्यांवर छापतात तसलं. उपनगरातल्या एका स्टिकरवाल्याकडून व्हिनाइलमध्ये कापून घेतलं आणि दोन्ही दारांवर लावलं. साडेसहा हजार रुपये गेले. पहिल्या दिवशी बरं दिसलं. आठवड्याभरानं उन्हात उभी केली तेव्हा माझ्याच डोळ्यांना खुपायला लागलं. मॅट तपकिरी पत्र्यावर ते पांढरं प्लॅस्टिक चकाकत होतं, प्रत्येक कड ब्लेडनं कापल्यासारखी. अंगावरचा सदरा खादीचा आणि गुंड्या नायलॉनच्या, असं काहीतरी. एप्रिलमध्ये कडा सुटायला लागल्या. मेहुण्यानं एका रविवारी स्टिकर ओढून काढले, तर त्याबरोबर उजव्या दाराचा रंगही पापुद्र्यासारखा निघून आला.

यातही माझीच घाई नडली होती. डावं दार फारच गंजलेलं होतं म्हणून ते पत्र्यापर्यंत साफ केलं होतं. उजवं बरं वाटलं म्हणून नुसतं घासून त्यावर अस्तर मारलं होतं. त्यामुळे स्टिकरबरोबर माझे थर गेले आणि खालचे जुने थर उघडे पडले. तेव्हा मी कपाळाला हात लावला. पुढे कळलं की ते निघालं म्हणूनच बाकीचं हाती लागलं.

काकांचा पत्ता मला आमच्या वर्कशॉपमधल्या शिपायानं दिला. त्याच्या भावाची मासेमारीची बोट आहे आणि बोटीवरचं नाव आणि नोंदणीचा नंबर काकांनीच काढलेला. काकांचं वय सत्तरच्या पुढे. मूळचे खेडचे, पण आयुष्य इथेच गेलं. आधी टॅक्सी आणि ट्रक लिहायचे, गोदामांच्या पाट्या लिहायचे, नंबर प्लेटचं काम तर रोजचं. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच हाय सिक्युरिटी प्लेट यायला लागल्या आणि ते काम सुटलं. आता बोटी, भाऊच्या धक्क्याकडची थोडी कामं, आणि देवळांच्या पाट्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना फोटो दाखवले, माझ्या कॉम्प्युटरवरच्या अक्षरांचा कागद दाखवला. त्यांनी कागद हातात घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. “मास्तर, गाडी आधी बघू. कागदाचं मग.”

गोदामात आल्यावर ते दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत. उजव्या दाराजवळ उकिडवे बसले. उघड्या पडलेल्या पत्र्यावरून चार बोटं फिरवली, डोळे मिटून. मग म्हणाले, “शटर खाली घ्या.” अंधार झाल्यावर त्यांनी टॉर्च दाराला जवळजवळ टेकवून आडवी धरली, म्हणजे उजेड पत्र्यावरून सरपटत गेला. आणि त्या निळ्या-हिरव्या रंगाच्या ठिगळांतून एक तिरकी रेघ उठली. वर एक आडवी, खाली एक आडवी.

“झेड आहे हा,” मी म्हणालो.

“अक्षर कुठलं ते तुम्ही बघा. ब्रशनं लिहिलंय एवढं मी सांगतो. इथे ब्रश टेकलाय, इथे उचललाय. बोट लावा.”

मी बोट लावलं. रेघेच्या सुरुवातीला रंग थोडा जाड, शेवटाला पातळ होत गेलेला. नखाला लागेल एवढाच उंचवटा. ऐंशी वर्षांपूर्वी कोणीतरी उभं राहून एका दमात ओढलेली रेघ, वर आपल्या सैन्याचा हिरवा आणि एका टँकरवाल्याचा निळा चढूनही तिथेच होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक गाडीला एक क्रमांक असायचा आणि त्याआधी गाडीचा प्रकार सांगणारं अक्षर. मोठ्या लॉरीला एल, मोटारसायकलला सी, रणगाड्याला टी, आणि आमच्यासारख्या पंधरा हंड्रेडवेटपर्यंतच्या ट्रकला झेड. माझ्या स्टिकरवर मी एल लावला होता, कारण इंटरनेटवर पाहिलेल्या फोटोतली गाडी तीन टनी होती. सहा महिने ती गाडी चुकीचं अक्षर मिरवत उभी होती. आयटीआयच्या माझ्या मुलांना मी रोज सांगतो की आधी समोरची गाडी बघा आणि मग पुस्तक उघडा, आणि मीच ते विसरलो होतो.

काकांनी बटर पेपर लावून शिसपेन्सिल आडवी घासली. झेडनंतर ४, २, ७, १, ५ स्पष्ट मिळाले. सहाव्याचा फक्त उजवा अर्धा भाग होता, दोन फुगवटे एकावर एक. तो ३ असेल किंवा ८. सातवा असेल तर तो दाराच्या त्या कोपऱ्यात होता जिथला गंज मी कापून नवीन पत्रा झाळला होता. डाव्या दाराचं तर विचारायलाच नको. ते मी पत्र्यापर्यंत घासून स्वच्छ केलं होतं, अगदी मन लावून.

त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून सांगतो, जुन्या गाडीचा एकही पत्रा टॉर्च आडवी धरून बघितल्याशिवाय घासू नका. दारं, बॉनेटच्या बाजू, मडगार्ड, फाळका, सगळं आधी बघा, ट्रेस करा, फोटो काढा आणि मगच पाणीपेपर हातात घ्या. यासाठी पेंटर लागत नाही, अंधार आणि टॉर्च लागते.

उरलेल्या दोन जागांचं काय करायचं यावर आमच्यात वाद झाला. मेहुण्याला त्याच्या जन्मतारखेचे दोन आकडे घालायचे होते. मलाही मोह झाला. रिकामी जागा ठेवली तर लोकांना वाटेल काम अर्धवट राहिलं. काकांचं म्हणणं वेगळं होतं. “तुम्ही सांगाल तो आकडा मी लिहीन, लिहिणं माझं कामच आहे. पण हे पाच मला त्या माणसाच्या हातचे दिसलेत. पुढचे दोन माझ्या हातचे होतील.” आम्ही पाचावर थांबलो. झेड जुन्या जागेवरूनच सुरू केला आहे, त्यामुळे दाराच्या मागच्या कडेला दोन आकड्यांची मोकळी जागा आहे. डाव्या दारावर तेच अंतर मोजून उलट बाजूनं घेतलं.

कामाची पद्धत सांगतो, कारण पैसे त्याचेच आहेत. काका टेप लावत नाहीत. खडूची दोरी ताणून वर-खाली दोन रेघा मारतात. जुन्या आकड्यांची उंची त्यांनी मोजली ती साडेतीन इंचाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी. मी म्हणालो साडेतीनच धरा. ते म्हणाले, “एक सूत कमी म्हणजे कमी.” डाव्या हातात गोळा बांधलेली काठी, ती पत्र्यावर टेकवून उजवा हात त्यावर. लांब मऊ केसांचा ब्रश. ७ची तिरकी रेघ त्यांनी वरून खाली एकदाच ओढली, परत फिरवला नाही. जुना ४ वरून उघडा होता, तो तसाच उघडा ठेवला. माझ्या कॉम्प्युटरच्या अक्षरात तो बंद होता.

पांढरा रंगही डब्यातला सरळ नाही लावला. आजचा पांढरा फार पांढरा असतो, ट्यूबलाइटसारखा. त्यांनी पांढऱ्यात पिवळ्या मातीच्या रंगाचा थेंब आणि काळ्याचं टोक बुडवलं, दुधावरच्या सायीसारखा रंग झाला. मग टर्पेंटाइन जास्त घालून पातळ केला, म्हणजे वाळल्यावर चकाकी उतरते. एक हात मारून दुसऱ्या दिवशी दुसरा. दोन हातांच्या मधे घाई केली असती तर खालचा मॅट तपकिरी विरघळून वर आला असता, हे त्यांनी आधी हौद्याच्या आतल्या बाजूला करून दाखवलं.

बाकी खुणांमध्ये काय घेतलं आणि काय नाही घेतलं, यावर जास्त वेळ गेला.

दोस्त राष्ट्रांच्या गाड्यांवरचा पांढरा तारा घेतला नाही. मेहुणा अजून नाराज आहे. रॅलीत लोक ताऱ्याजवळ उभे राहून फोटो काढतात हे खरं, पण ब्रिटिश आणि राष्ट्रकुलाच्या गाड्यांवर तो सर्रास आला १९४४ मध्ये, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या स्वारीच्या तयारीत. आमचा तपकिरी त्याच्या आधीचा. त्या रंगावर तो तारा म्हणजे पेशवाईतल्या सरदाराच्या हातात मनगटी घड्याळ.

आपल्या सैन्याच्या आजच्या नंबर प्लेटवरचा वर तोंड केलेला बाणही घेतला नाही. तो चालू नोकरीतल्या गाड्यांचा. बाण, वर्ष, अक्षर आणि क्रमांक असा लिहिलेला नंबर खासगी गाडीवर लावणं म्हणजे समोरच्याला फसवणं, हौस म्हणूनसुद्धा नको. आरटीओची प्लेट आहे तिथेच आहे. झेडचा क्रमांक दारावर आहे, प्लेटच्या जागी नाही.

डिव्हिजनच्या, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकडीच्या, चिन्हावर मात्र माझा जीव अडकला होता. युद्धात प्रत्येक भारतीय डिव्हिजनचं एक चिन्ह होतं. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड, पाचवीचा काळ्यावर लाल गोळा, सतरावीची काळी मांजर. गाडीच्या एका बाजूला हे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला कोणत्या खात्याची गाडी ते सांगणारा रंगीत चौकोन, उदाहरणार्थ रसद पुरवणाऱ्या सर्व्हिस कोअरचा तिरका विभागलेला लाल-हिरवा. मला हवं होतं आठव्या डिव्हिजनचं, लाल चौकोनावर एकाच देठाला लागलेली तीन पिवळी क्लोव्हर (गोलसर पानांची एक छोटी वनस्पती). कारण इटलीत त्याच डिव्हिजनमध्ये १/५ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण, होती. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव याच पलटणीचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी सुरुंगांतून आणि पाण्यातून दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पलीकडे नेलं, मग परत येऊन शत्रूच्या तीन मशिनगनच्या जागा एकट्यानं बंद पाडल्या आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ला इटलीतच, टायबरच्या खोऱ्यात, दहाव्या डिव्हिजनमधल्या ३/५ मराठाचे यशवंत घाडगे लढता लढता गेले. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. ते आमच्या माणगावकडचे, पळसगावचे. लहानपणी एसटीनं जाताना वडील माणगावातला त्यांचा पुतळा दाखवायचे, आणि एसटी पुढे गेली तरी मी मागच्या काचेतून बघत राहायचो. त्यामुळे मराठा पलटणीशी संबंध असलेलं काहीतरी गाडीवर असावं असं मला मनापासून वाटत होतं.

काकांना मी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना काढायला सांगितला. त्यांनी दुसऱ्या दिवशी आणला तो सुरेख होता, पण ते बेलाचं पान होतं. तीन दळं, टोकाला निमुळती, महाशिवरात्रीला वाहतो तसं. एका देठाला तीन म्हटल्यावर त्यांचा हात तिकडेच गेला, आणि खरं तर माझाही गेला असता. क्लोव्हरचं पान टोकदार नसतं, गोलसर असतं, आणि इथे तीन पानं नाहीत तर तीन वेगवेगळी क्लोव्हर आहेत, हे सांगितल्यावर त्यांनी तो पत्रा पुसला नाही. नवीन घेतला आणि परत काढला. दुसऱ्या पत्र्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. बेलाचा तो पत्रा मी मागून घेतला, घरी देव्हाऱ्याशेजारी आहे.

तरीही क्लोव्हर गाडीवर गेली नाहीत. मडगार्डवर आम्ही टॉर्च लावून सगळीकडे बघितलं, चिन्हाचा मागमूस नाही. गाडी हिंदुस्थानाबाहेर गेली होती असं सांगणारी एकही गोष्ट मिळाली नाही. आता क्लोव्हरचा पत्रा गाडीशेजारी वेगळ्या स्टँडवर असतो, खाली नामदेव जाधवांची हकिकत मराठीत लिहिलेली. हाताची अक्षरं काकांचीच. लोक थांबून वाचतात. शाळेच्या मुलांना दहा मिनिटं तिथेच लागतात.

जे घेतलं ते इतकं: दोन्ही दारांवर क्रमांक, चारही चाकांच्या वर मडगार्डवर टायरचा दाब सांगणारे लहान आकडे, आणि पुढे पुलांच्या भारवर्गाचा पिवळा गोल, काळ्या आकड्यासकट. हा गोल बघून पुलावरचा पहारेकरी गाडी सोडायची की नाही ते ठरवायचा. टायरच्या दाबाचे आकडे काकांनी पत्र्याचा साचा कापून छापले, कारण मागच्या उजव्या मडगार्डवर साच्याच्या फटीचा एक तुकडा सापडला होता. म्हणजे एकाच गाडीवर क्रमांक ब्रशचा आणि बारीक सूचना साच्याच्या. मी ‘मिलिटरी अक्षर’ म्हणून सगळीकडे एकच काहीतरी लावलं होतं.

आता जे पटलं नाही तेही लिहायला हवं. पिवळा गोल पहिल्यांदा लिंबासारखा आला, हिरवट. मला हळदीकडे झुकणारा हवा होता आणि मी ते आधी सांगितलंही होतं. दुसऱ्यांदा केला, तक्रार न करता, पण त्यात एक दिवस गेला. वेळेचं बंधन नाही. “सकाळी” म्हणजे अकराही वाजतात, आणि बोटीचं काम मधे आलं तर दोन दिवस दिसत नाहीत, कारण बोट भरतीला निघते, तुमची गाडी गोदामातच असते. बिल मिळत नाही, कागदावर आकडा लिहून देतात. आणि टर्पेंटाइनच्या उघड्या डब्याशेजारी बिडी पेटवतात, हे मला अजिबात चालत नाही. मी तिसऱ्यांदा सांगितल्यावर बाहेर जाऊन ओढायला लागले. तुमच्याकडे आले तर पहिल्या दिवशीच सांगा, आणि वाळूची बादली जवळ ठेवा.

खर्च: काम आणि रंग मिळून साडेनऊ हजार, त्यात क्लोव्हरचा पत्रा आणि खालची मराठी पाटीही आली. दिवस मोजून सहा, पण पसरले तीन आठवड्यांवर. उजव्या दाराचा तपकिरी मी स्वतः परत मारला, काकांनी बटर पेपरवरून आकड्यांच्या जागा त्यावर उतरवल्या. जुन्या आकड्यांवर रंग चढवण्याआधी मी तो थर वार्निशच्या एका पातळ हाताखाली बंद केला आहे, म्हणजे पुढे कोणी कधी हळूच उघडलं तर झेड तिथेच सापडेल.

पावसाळ्यात त्यांच्याकडे जाऊ नका, हवेतल्या दमटपणानं मॅट रंग पांढुरका पडतो आणि ते स्वतःच काम घेत नाहीत. गणपतीच्या आधीचा महिना मंडळांच्या पाट्यांचा असतो, तेव्हाही नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत बरं. रे रोडला पूर्वेकडे उतरायचं, दारुखान्याकडे चालायला लागायचं आणि भंगाराची दुकानं सुरू झाली की कोणालाही “बोटी लिहिणारे पेंटरकाका” म्हणून विचारायचं. दुपारी दीड ते तीन झोपलेले असतात. गाडीचा फोटो नेऊ नका, दाखवला तर घडी घालून खिशात ठेवतात. दाराचा एखादा सुटा पत्रा असेल तर तोच न्या, न घासता.